भरवशाचा हिशेब: यंत्रांचा आणि मोजमापांचा

'या पंपाची विश्वसनीयता ०.९५ आहे' आणि 'या प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.९५ आहे' ही वाक्यं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. आकडा मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. पंपाच्या बाबतीत तो संभाव्यता आहे: असे शंभर पंप ठरलेल्या मुदतीसाठी चालवले, तर साधारण पंचाण्णव मध्येच बंद न पडता मुदत पुरी करतील. प्रश्नावलीच्या बाबतीत तो हिस्सा आहे: माणसामाणसांच्या गुणांत जी तफावत दिसते, तिच्यातली ९५ टक्के खरी आणि ५ टक्के मोजणीतल्या चुकीमुळे आलेली. हे चालत राहील का, हा इंजिनिअरचा प्रश्न. पुन्हा मोजलं तर हेच येईल का, हा संशोधकाचा. दोघंही 'रिलायबिलिटी' म्हणतात, आणि एका प्रकल्पावर एकत्र आले की पहिल्याच बैठकीत गोंधळ उडतो.

तरीही हे दोन हिशेब एका जागी येऊन मिळतात, आणि दोन्हीकडची सगळ्यांत महागडी चूक नेमकी तिथेच होते. ती जागा म्हणजे 'एकाच्या जोडीला दुसरं' ठेवणं. तिथवर पोचण्याआधी यंत्राची बाजू पाहू.

काम, परिस्थिती, मुदत

यंत्राची विश्वसनीयता म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या मुदतीपर्यंत, ठरलेलं काम बिनबिघाड पार पडण्याची संभाव्यता. यातली एकही अट गाळली तर आकडा निरर्थक होतो. पंपाचं काम म्हणजे नुसतं फिरणं, की मिनिटाला ५० लिटर पाणी ढकलणं? पहिली व्याख्या घेतली तर ४० लिटरवर उतरलेला पंप ठणठणीत, दुसरी घेतली तर तो बिघडलेला. म्हणून बिघाड कशाला म्हणायचं, हे चाचणीच्या आधी लिहून ठेवावं लागतं. चाचणी झाल्यावर लिहिलं तर व्याख्या हळूच निकालाच्या सोयीने वाकते.

सगळ्यांत जास्त गैरसमज एमटीबीएफ या आकड्याबद्दल आहेत. दोन बिघाडांमधला सरासरी काळ, असा त्याचा अर्थ. (दुरुस्त न होणाऱ्या वस्तूंसाठी खरं तर 'बिघाडापर्यंतचा सरासरी काळ' म्हणायला हवं, पण व्यवहारात हा भेद फारसा कुणी पाळत नाही.) एखाद्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकावर १० लाख तास लिहिलेले असतात. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे हे झाले ११४ वर्षं. इतकी वर्षं कुठलीच डिस्क चालत नाही आणि कुणी तेवढी वाट पाहून हा आकडा काढलेलाही नसतो. १,००० डिस्क प्रत्येकी १,००० तास चालवल्या आणि त्यांतली एक गेली, की भागाकार १० लाख येतो. त्याचा उपयोग असा: उमेदीच्या वयातल्या १,००० डिस्क असतील, तर वर्षाकाठी साधारण ९ बदलाव्या लागतील. तुमच्या टेबलावरची एकुलती एक डिस्क किती वर्षं टिकेल, हे त्यातून कळत नाही. शिवाय बिघाडाचा दर कायम सारखाच धरला, तर एमटीबीएफएवढा काळ उलटेपर्यंत फक्त ३७ टक्के नग शाबूत राहतात. सरासरी काळ हा हमीचा काळ समजणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो.

दर कायम सारखा असतो का? पुस्तकातला आलेख टबासारखा दिसतो. सुरुवातीला सदोष नग पटापट गळतात, मधे दर सपाट राहतो, शेवटी झिजेमुळे पुन्हा चढतो. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी १९५१ साली मांडलेल्या संभाव्यतेच्या वितरणात (कोणत्या वयात किती नग बिघडतील, हे सांगणाऱ्या सूत्रात) या तिन्ही अवस्था एका गुणांकात पकडता येतात: तो १ पेक्षा कमी असला तर बालवयातले बिघाड, १ असला तर योगायोगाचे, जास्त असला तर झिजेचे. देखभालीचा निर्णय यावरच ठरतो. गुणांक १ किंवा त्याहून कमी असेल, तर 'अमुक तास झाले की भाग बदला' हा नियम फुकट जातो, कधी नुकसानही करतो, कारण चालता भाग काढून आपण पुन्हा बालवयातला भाग बसवतो. विमानांच्या देखभालीवरच्या नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या अहवालात वयाबरोबर बिघाडाचा दर वाढणारे भाग ११ टक्केच निघाले. तब्बल ६८ टक्के भागांचा दर सुरुवातीला जास्त आणि नंतर सपाट होता.

गुणाकार मारतो, जोडी तारते

भाग एकामागोमाग जोडलेले असतील आणि एक बंद पडल्यावर सगळं बंद पडत असेल, तर विश्वसनीयतांचा गुणाकार होतो. प्रत्येकी ०.९९ चे शंभर भाग जोडले तर पूर्ण यंत्रणेची विश्वसनीयता उरते फक्त ०.३७. साखळीची ताकद सगळ्यांत कच्च्या कडीएवढी, असं आपण सहज म्हणतो. इथे साखळी त्या कडीपेक्षाही कच्ची असते, कारण प्रत्येक कडी आपला वाटा कापून घेते. हा नियम जर्मन इंजिनिअर रॉबर्ट लुसर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यातून निघणारा पहिला सल्ला अगदी साधा आहे: भाग कमी करा. शंभर भाग चांगले करण्यापेक्षा पन्नास काढून टाकणं पुष्कळदा स्वस्त पडतं. तेच ०.९९ चे भाग पन्नासच असतील, तर विश्वसनीयता ०.६१ वर जाते.

दुसरा सल्ला जोडीचा. एक पंप ०.९ चा असेल, तर तसाच दुसरा शेजारी बसवला की दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.०१. विश्वसनीयता ०.९९ झाली. तिसरा बसवला की ०.९९९. आता हा गुणाकार नीट पाहा. तो करताना आपण गृहीत धरलं की एका पंपाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. हे गृहीतक तुटलं तर काय होतं?

४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. दिशा आणि वेग सांगणारे दोन संगणक त्यात होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोघांत एकच सॉफ्टवेअर होतं, तेही आधीच्या एरियान ४ मधून उचललेलं. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना ती मावली नाही, कारण तिथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या ठेवता येत नाही आणि नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा बराच जास्त होता. राखीव संगणक आधी बंद पडला. काही मिलिसेकंदांत, त्याच कारणाने, मुख्य. उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांत रॉकेटचं नियंत्रण सुटलं आणि ते हवेतच फुटलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा, फक्त इथे दोन्ही म्हशी एकाच वाणाच्या होत्या.

११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात भूकंपाने बाहेरची वीज गेली, आपत्कालीन डिझेल जनरेटर व्यवस्थित सुरू झाले, आणि मग आलेल्या त्सुनामीने ते जवळपास सगळे बंद पाडले. त्यांतले बहुतेक तळमजल्याखाली होते. दुसऱ्या आणि चौथ्या युनिटचे हवेने थंड होणारे जनरेटर उंचावर असल्याने पाण्यातून वाचले, पण त्यांची वीज पुढे नेणारी पॅनेल बुडाली. सहाव्या युनिटचा तसाच एक जनरेटर मात्र पॅनेलसकट वाचला, आणि त्याच्या जोरावर पाचवं आणि सहावं युनिट सावरलं. संख्या पुरेशी होती. जागा, पाणी आणि वायरिंग सामाईक होतं.

अशा सामाईक कारणांचा हिशेब करता येतो. समजा एका भागाच्या बिघाडाची शक्यता ०.००१ आहे. दोन भाग खरोखर स्वतंत्र असतील तर दोन्ही जाण्याची शक्यता दहा लाखांत एक. पण दहापैकी एका बिघाडाचं कारण सामाईक असेल, तर ती शक्यता दहा हजारांत एक होते. शंभरपट वाईट. आणि भाग जितका चांगला, तितका हा सामाईक वाटा वरचढ ठरतो. म्हणून जोडी बसवताना विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: वीज कुठून येते, गार करणारी हवा किंवा पाणी कुठून येतं, सॉफ्टवेअर एकच आहे का, दोन्हींची देखभाल एकच माणूस एकाच दिवशी एकाच पद्धतीने करतो का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. चुकीचं वंगण दोन्ही पंपांत एकाच हाताने पडतं.

उपलब्धता, म्हणजे एकूण वेळातला किती वेळ यंत्र चालू असतं, हा वेगळा आकडा आहे, तो विश्वसनीयतेच्या जागी वापरू नये. तासातून एकदा एक सेकंद बंद पडणारं यंत्र ९९.९७ टक्के उपलब्ध असतं. आठ तास सलग चालण्याची त्याची शक्यता मात्र जवळजवळ शून्य. वेबसाइटला हे चालून जाईल, शस्त्रक्रियेच्या यंत्राला नाही. उपलब्धतेच्या 'नऊ'चा अर्थ सांगायचा तर ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला ८.७६ तास बंद, ९९.९९ म्हणजे सुमारे ५३ मिनिटं, ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं.

आणि दावा सिद्ध करायला नग किती लागतात? एकही बिघाड न होता २२ नग पूर्ण मुदत चालले, तर ९० टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की विश्वसनीयता निदान ०.९० आहे. ०.९९ चा दावा ९५ टक्के खात्रीने करायचा तर २९९ नग, तेही शून्य बिघाडांसह. पाच नग चालवून 'उत्तम आहे' म्हणणाऱ्या अहवालात किती दम आहे, ते यावरून ताडून पाहावं.

मोजमापाची बाजू

आता प्रश्नावल्या, चाचण्या, निरीक्षकांनी दिलेले गुण. इथला पाया चार्ल्स स्पिअरमन यांच्या १९०४ सालच्या कामात आहे: दिसणारा गुण म्हणजे खरा गुण अधिक चूक. विश्वसनीयता म्हणजे खऱ्या गुणांचं प्रचरण भागिले दिसणाऱ्या गुणांचं प्रचरण. (प्रचरण म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप.) खऱ्या गुणांचं प्रचरण ८० आणि चुकीचं २० असेल, तर विश्वसनीयता ८० भागिले १००, म्हणजे ०.८०.

या भागाकारातून एक गोष्ट निघते, जी प्रबंधांत सर्रास दुर्लक्षिली जाते. तीच चाचणी एकसारख्या क्षमतेच्या गटाला द्या, म्हणजे निवडून घेतलेल्या हुशार मुलांना. चूक तेवढीच, २०. खरी तफावत मात्र ८० वरून २० वर आली. विश्वसनीयता ०.५०. चाचणीतलं एक अक्षरही बदललेलं नाही. तेव्हा 'ही चाचणी विश्वसनीय आहे, आधीच्या अभ्यासात ०.८० आली होती' हे वाक्य अपुरं आहे. आकडा त्या गटाच्या गुणांचा असतो. नव्या गटावर तो पुन्हा काढावा लागतो.

चूक कुठून येते, त्यावर पद्धत ठरते. काळाने येणारी चूक पाहायची तर तीच चाचणी काही काळाने पुन्हा घेतात. अंतर फार कमी ठेवलं तर लोकांना आपली उत्तरं आठवतात, फार जास्त ठेवलं तर माणूसच बदललेला असतो. म्हणून साधारण दोन आठवडे हा रुळलेला मधला मार्ग. मूड मोजणाऱ्या प्रश्नावलीला तेवढेही जास्त होतात, कारण मूड बदलणं ही चूक नाही.

प्रश्नांच्या निवडीतून येणारी चूक पाहायची तर अंतर्गत सुसंगती, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते, काढतात, आणि इथे बहुतेकांच्या हाती लागतो तो क्रॉनबॅक अल्फा. हाही १९५१ चा, वायबुल यांच्या लेखाच्याच वर्षातला. त्यामागचं गणित जुनं आहे. १९१० साली स्पिअरमन आणि ब्राउन यांनी वेगवेगळं दाखवलं होतं की चाचणी लांबवली की विश्वसनीयता वाढते: ०.६० ची चाचणी दुप्पट केली तर ०.७५, चौपट केली तर ०.८६. पंपाच्या जोडीला पंप, तसा प्रश्नाच्या जोडीला प्रश्न. चुका कधी वर, कधी खाली जातात आणि बेरजेत एकमेकींना खोडतात.

आणि अटही तीच आहे: प्रत्येक प्रश्नातली चूक दुसऱ्यातल्या चुकीपासून स्वतंत्र हवी. 'मला वारंवार काळजी वाटते', 'मी बऱ्याचदा काळजीत असतो', 'काळजी करणं हा माझा स्वभाव आहे' असे तीन प्रश्न विचारले, तर पहिल्याचा ज्याने गैरसमज केला तो उरलेल्या दोन्हींचा तसाच करणार. अल्फा छान ०.९५ येतो. हा एरियानचा राखीव संगणकच आहे, फक्त इथे काही फुटत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ०.९५ च्या वरचा अल्फा पाहून आनंद होण्याआधी प्रश्न शेजारी ठेवून वाचावेत. बहुधा तेच वाक्य कपडे बदलून आलेलं असतं.

उलट बाजूने, अल्फा बरा आला म्हणजे प्रश्न एकच गोष्ट मोजतात, असंही ठरत नाही. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात-घटतात त्याचं माप, पूर्ण जुळल्या तर १) ०.३ असलेले १० प्रश्न आणि अवघा ०.१ असलेले ४० प्रश्न, दोन्हींचा अल्फा जवळपास सारखाच, ०.८१ आणि ०.८२. दुसरी प्रश्नावली म्हणजे कदाचित चार वेगवेगळ्या विषयांची मोट असेल. आणि अल्फा चक्क ऋण आला, तर सिद्धांत शोधत बसू नका. बहुतेक वेळा नकारार्थी प्रश्नांचे गुण उलटायचे राहिलेले असतात. प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्यांच्या बेरजेशी सहसंबंध काढला की गुन्हेगार लगेच सापडतो.

किती हवा? संशोधनाच्या पहिल्या टप्प्यात ०.७०, पण एखाद्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर किमान ०.९०, असं मानसशास्त्रज्ञ नन्नली यांचं म्हणणं होतं. लोकांनी त्यातलं ०.७० तेवढं लक्षात ठेवलं. ०.९० का, हे मोजणीच्या प्रमाण त्रुटीतून दिसतं. ती काढायला प्रमाण विचलनाला (म्हणजे प्रचरणाच्या वर्गमुळाला) '१ वजा विश्वसनीयता'च्या वर्गमुळाने गुणायचं. प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९१ असेल, तर त्रुटी ४.५. म्हणजे १०० गुण मिळालेल्या माणसाचा पल्ला साधारण ९१ ते १०९. दोन माणसांतला फरक खरा म्हणायला तो साडेबाराच्या आसपास हवा. १०४ वाल्याला नाकारून ११० वाल्याला घेतलं, तर तो सहा गुणांचा फरक निव्वळ मोजणीतल्या चुकीचाही असू शकतो, आणि तेही ०.९१ ची चाचणी असताना.

कमी विश्वसनीयतेची दुसरी किंमत छुपी असते. दोन गोष्टींमधला खरा सहसंबंध ०.६० असेल आणि दोन्हींची मोजमापं ०.७० ची असतील, तर हाती येतो ०.४२. 'आधी आणि नंतर' यांची वजाबाकी तर आणखी नाजूक. दोन्ही मोजमापं ०.८० ची आणि त्यांच्यातला सहसंबंध ०.६० असेल, तर फरकाची विश्वसनीयता ०.५० वर घसरते, कारण वजाबाकीत खरा सामाईक भाग निघून जातो आणि चुका मात्र दोन्हीकडच्या राहतात.

दोन निरीक्षक

दोघांनी १०० एक्स-रे पाहिले, ९० वर एकमत झालं. छान वाटतं. आता तपशील: दोघांनीही प्रत्येकी १० ठिकाणी 'दोष आहे' म्हटलं, त्यांतले ५ समान. डोळे मिटून याच प्रमाणात उत्तरं दिली असती, तरी ८२ टक्के एकमत झालं असतं, कारण दोघंही बहुतेक वेळा 'दोष नाही' म्हणतात. कोहेन यांचा १९६० चा 'कप्पा' नावाचा गुणांक हे योगायोगाचं एकमत वजा करतो: ०.९० मधून ०.८२ गेले, उरले ०.०८, शक्य होते ०.१८, भागाकार ०.४४. टक्केवारीत ९० दिसणारं एकमत निम्मंसुद्धा भरलं नाही.

मापं आकड्यांत असतील तर अनेक जण सहसंबंध गुणांक काढून मोकळे होतात. एक तापमापक दुसऱ्यापेक्षा नेहमी अर्धा अंश जास्त दाखवत असेल, तरी सहसंबंध १ येतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली सुचवलेला मार्ग सरळ आहे: प्रत्येक जोडीची वजाबाकी करा, फरकांची सरासरी काढा, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या १.९६ पट अंतरावर मर्यादा आखा. एवढा फरक कामात चालेल का, हे मग त्या विषयातल्या माणसाने ठरवायचं.

वैधतेबद्दल, म्हणजे माप हवं तेच मोजतं का याबद्दल, थोडक्यात: बंद घड्याळ दर वेळी तीच वेळ दाखवतं. तेव्हा विश्वसनीय माप योग्य असेलच असं नाही, पण ०.६४ विश्वसनीयतेच्या मापाचा बाहेरच्या कुठल्याही गोष्टीशी सहसंबंध त्याच्या वर्गमुळाच्या, ०.८० च्या, वर जाऊ शकत नाही.

हे दोन्ही हिशेब कारखान्यात गेज आर अँड आर नावाच्या, मोजण्याच्या साधनाच्या (गेजच्या) तपासणीत रोज हातात हात घालून चालतात. १० भाग घ्यायचे, ३ माणसांनी प्रत्येक भाग २ किंवा ३ वेळा मोजायचा. भाग उत्पादनाच्या पूर्ण पल्ल्यातून निवडायचे. एकाच पेटीतले सारखे दहा उचलले, तर हुशार मुलांच्या गटासारखंच चांगलं गेज वाईट दिसतं. भागांवरचे क्रमांक मोजणाऱ्याला दिसू द्यायचे नाहीत, क्रम दर फेरीला बदलायचा, आधीचा आकडा झाकून ठेवायचा, नाहीतर दुसरं माप पहिल्याची नक्कल होतं. एकूण तफावतीच्या तुलनेत मोजणीची तफावत १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर असेल तर ते गेज त्या कामाला नको, मधे असेल तर काम किती नाजूक आहे ते पाहून ठरवायचं. तफावत एकाच माणसाच्या मापांत दिसली, तर गेज, त्याची पकड किंवा भाग ठेवण्याची जागा तपासायची. माणसामाणसांत दिसली, तर कुठे धरायचं, किती दाबायचं आणि आकडा कधी वाचायचा, हे तिघांना एकत्र उभं करून ठरवायचं आणि तपासणी पुन्हा पहिल्या भागापासून करायची.